नावाच्या गोंधळात भावाला तीन रात्री लॉकअपमध्ये ठेवलं. भरपाई मागता येते का?

दूधडेअरीवाली

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाचं तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय ३१. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला दोन पोलीस दुकानात आले. हातात अजामीनपात्र वॉरंट होतं. चेक बाउन्सची केस, तारखांना आरोपी हजर राहत नाही म्हणून निघालेलं. त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, चारही आमच्याशी जुळत होतं. आमच्या गावात निम्मी घरं एकाच आडनावाची आहेत आणि ग्रामदैवताचं नाव तर दर दोन-तीन घरांत सापडतं. ज्याच्यावर केस आहे तो माणूस वेगळा. पन्नाशी ओलांडलेला, बारा-पंधरा वर्षांपूर्वीच पुण्याकडे निघून गेलेला. भावाचं आजवर कुठल्या पतसंस्थेत खातंही नाही.

त्यानं आधार कार्ड दाखवलं. वय बघा म्हणाला, सरपंचांना फोन लावून देतो म्हणाला. "जे सांगायचं ते कोर्टात सांग" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. "कोर्ट बंद आहे, सोमवारी नेऊ" असं मला ठाण्यात सांगितलं. सोमवारी दुपारी न्यायाधीश मॅडमनी फाइलमधली माहिती आणि आधार समोरासमोर ठेवून पाहिलं, आणि हजर केलेला इसम या प्रकरणातला आरोपी नाही असं लिहून पाच मिनिटांत सोडलं. पण कागद हातात आले तेव्हा कळलं की अटक दाखवलीय रविवारी संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी! शुक्रवारची रात्र, शनिवारचा अख्खा दिवस आणि रात्र, रविवारचा दिवस कुठल्याच कागदावर नाहीत.

मी शुक्रवारी रात्री डबा घेऊन गेले होते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डबा उघडून बघितला आणि आत दिला. गजाआड तो उभा होता आणि एका हातानं पँट धरून होता. बेल्ट काढून घेतला होता आणि करदोडाही ब्लेडनं कापला होता. आमच्याकडे पुरुषाचा करदोडा माणूस गेल्यावरच तोडतात. आईनं दिवाळीला स्वतः बांधलेला होता तो. घरी आल्यावर तिनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणाले. करदोड्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.

आता चार महिने होत आले. तो दुकानात बसतो, पण दारात मोटरसायकल थांबली की हातातली तार तशीच राहते. तीन-चार कायमची गिऱ्हाइकं तुटली. गावात "काहीतरी असेल म्हणूनच नेलं असेल" असं बोलतात. त्याची सोयरीक बोलण्यात होती, त्या लोकांनी निरोप पाठवणंच बंद केलं.

कोर्टात मॅडमनी विचारलं होतं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? तो नाही म्हणाला. बाजूला तेच दोघे उभे होते. आता त्या एका शब्दामुळे सगळं संपलं का? भरपाई मागता येते का, कुठे आणि किती दिवसांत? पैसा मिळाला तर हवाच आहे, खोटं कशाला बोलू. पण आमची चूक झाली हे कुणीतरी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं असं मला फार वाटतं. तो कागद सोयरीक मोडलेल्या घरी नेऊन दाखवता येईल.

बांधावरून

ताई, वाचून वाईट वाटलं. पण भावाला दुकान त्याच तालुक्यात चालवायचंय. माझ्या चुलत्यानं असाच अर्ज केला होता, पुढे वर्षभर दर बंदोबस्ताच्या आधी त्याला "प्रतिबंधक" म्हणून बोलावून बसवायचे. मी सोडून द्या म्हणत नाही, पण एकट्यानं करू नका. सरपंच, दुकानदारांची संघटना, कुणीतरी सोबत घ्या.

खंडपीठातला वकील

ताई, मी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात फौजदारी कामं करतो. आधी एक सांगतो. बाकीचं सावकाश वाचा, पण हे उद्याच करा. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज द्या. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार दुपार, प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराचं टेबल आणि लॉकअपसमोरची जागा, असं स्पष्ट लिहा. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला आदेश दिलाय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने ठेवायचं, ते शक्यच नसेल तिथेही वर्षापेक्षा कमी नाही. म्हणजे तुमचं चित्रण आज असायला हवं. अर्ज ठाण्यात द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. उद्या ते "कॅमेरा बंद होता" म्हणाले तरी तुमचा अर्ज वेळेत गेला होता हे न्यायालय बघतं.

भाऊ "तक्रार नाही" म्हणाला त्यानं काही संपत नाही. ज्यांनी पकडलं तेच शेजारी उभे असताना माणूस काय बोलणार, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. याचिकेत तीच परिस्थिती जशीच्या तशी लिहायची.

आता भरपाई. आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि हे मला वकील म्हणून नेहमी बोचतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या अनुच्छेदात बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क दिलाय. भारत १९७९ मध्ये करारात सामील झाला तो नेमक्या त्याच ओळीला हरकत नोंदवून. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला, खोट्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी खास न्यायालयं आणि कायद्यानं ठरलेली भरपाई असावी अशी शिफारस केली. १ जुलै २०२४ ला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा ती शिफारस तिच्यात उतरली नाही. आलं ते जुनंच कलम, आता ३९९ क्रमांकानं. कुणी विनाकारण दुसऱ्याला पोलिसांकरवी अटक करवली तर मॅजिस्ट्रेट त्या माणसाकडून जास्तीत जास्त १००० रुपये देववू शकतात. तुमच्या प्रकरणात तक्रारदारानं भावाचं नाव घेतलेलंच नाही, त्यामुळे या कलमाचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो संविधानाचा. अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणि २२ (अटक झालेल्याचे हक्क). अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, प्रवासाचा वेळ वगळून. "कोर्ट बंद" ही सबब चालत नाही, सुट्टीच्या दिवशीही मॅजिस्ट्रेटची पाळी लावलेली असते. हा हक्क मोडला तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते आणि न्यायालय थेट सरकारला भरपाई द्यायला लावू शकतं.

हे दार उघडलं रुदुल साह या बिहारी कैद्याच्या प्रकरणानं. १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला माणूस १९८२ पर्यंत मुजफ्फरपूरच्या तुरुंगातच! १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. सुटकेचा आदेश देऊन थांबलो तर अनुच्छेद २१ मध्ये काही अर्थच उरणार नाही, असा त्याचा आशय. आधीच्या ५ हजारांवर ३० हजार देववले. चौदा वर्षांचे ३५ हजार. पण त्याआधी सरकार "आम्ही सार्वभौम आहोत, आमच्या नोकराच्या चुकीला जबाबदार नाही" म्हणून हात झटकू शकत होतं. १९६४ च्या निकालातली गोष्ट ऐका. मीरतमध्ये पोलिसांनी एका सराफाला पकडून त्याचं सोनं ठाण्याच्या मालखान्यात ठेवलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि सराफाला सरकारकडून दमडी मिळाली नाही. १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मूलभूत हक्काच्या भंगासाठी भरपाई मागितली तर सरकारला ही ढाल वापरता येणार नाही. म्हणून मी तुम्हाला दिवाणी दाव्यापेक्षा रिटकडे वळवतोय.

तुमच्या भावासारखंच प्रकरण कर्नाटकात झालंय. वडिलांचं नाव एकच म्हणून वॉरंटवर भलत्यालाच पकडलं. २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ५ लाख भरपाई दिली आणि अटकेआधी ओळख पटवलीच पाहिजे असं सांगितलं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एका संगीत शिक्षकाला २ लाख देववले. गुन्हा जामीनपात्र असूनही त्यांना लॉकअपमध्ये ठेवलं होतं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं जेमतेम अर्धा तास कोठडीत घातलेल्या माणसाला ५० हजार दिले, तेही संबंधित दोन उपनिरीक्षकांच्या पगारातून वसूल करून. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेश सरकारला ५ लाख भरायला लावले, कारण जामीन आदेशात पोटकलमाचा एक आकडा राहिला म्हणून तुरुंगानं माणसाला २८ दिवस सोडलं नव्हतं.

रकमेचा मात्र ठरलेला दर नाही, आणि कधी कधी ती पाहून मन विषण्ण होतं. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली होती. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार महिलेनं पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली, त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी ५ लाख. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झालेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले, तेही चोवीस वर्षं लढल्यावर.

मुदती. बेकायदा कोंडून ठेवल्याचा दिवाणी दावा सुटकेपासून एका वर्षात करावा लागतो आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. त्यातही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीवरच्या दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा, असं सरकारी वकील म्हणणारच. तुमचे सहा महिने ऑगस्टमध्ये संपतात. रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण विचारतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात तक्रार करता येते, फी नाही, वकील नसला तरी चालतो, मराठीतून लिहा. आयोग भरपाईची शिफारस करतो. मात्र न्यायप्रविष्ट प्रकरणात तो सहसा हात घालत नाही, म्हणून आधी कुठे जायचं हे ठरवूनच पाऊल टाका.

आणि कोर्टाच्या त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. "हा इसम आरोपी नाही" हे त्यात आधीच सहीशिक्क्यानिशी लिहिलंय, ताई. तुम्ही मागताय त्या कागदाचा अर्धा भाग तुमच्याजवळ आहे.

निवृत्त जमादार

ताई, मी ३३ वर्षं खात्यात होतो, त्यातली बरीचशी ठाणे अंमलदार म्हणून. जे झालं ते चूक झालं आणि खात्यातला माणूस म्हणून मला त्याची लाज वाटते. वॉरंटची बजावणी ही संख्या मोजायची गोष्ट झाली की असं होतं. महिनाअखेरीस किती वॉरंट निकाली काढली याचा जाब असतो. तरी गावात जाऊन पोलीस पाटलाला एक शब्द विचारणं हे पाच मिनिटांचं काम. आम्ही ते करायचो. पाटील लगेच सांगतो, साहेब हा नव्हे, तो दुसरा.

आता कागद कुठे बोलतील ते सांगतो. स्टेशन डायरीत शुक्रवारची नोंद नसेलच. पण ते दोघे वॉरंट बजावायला ठाण्याबाहेर पडले तेव्हाची रवानगीची नोंद असते, परत आल्याची असते. किती वाजता, कुठल्या कामाला, बक्कल नंबरसह. ती माहिती अधिकारात मागा. वॉरंट रजिस्टर मागा. लॉकअप गार्डची शुक्रवार, शनिवारची ड्युटी कुणाची होती ते मागा. लॉकअपमध्ये कुणी नव्हतं तर गार्ड कशाला लावला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आरोपींच्या जेवणाच्या खर्चाची नोंद मागा. तुमच्या भावाच्या नावानं ती फक्त रविवार रात्रीची निघेल, मग शुक्रवारी डबा कुणाला दिला?

अटक केली की सरकारी दवाखान्यात तपासणीला नेतात, आमच्या भाषेत मेडिकल यादी. दवाखान्याच्या रजिस्टरवर डॉक्टर वेळ टाकतात, तिथे पोलिसांचा हात पोचत नाही. आणि अंगझडती पंचनामा नीट वाचा. मोबाइल रविवारी जप्त दाखवला असेल आणि फोन शुक्रवारपासून बंद असेल तर तेही एक साक्षीदारच आहे.

करदोड्याचं वाचून मी थांबलो. लॉकअपमध्ये गळफासाला वापरता येईल असं काही ठेवत नाहीत, नियम तसाच आहे, मीही कापलेत. पण ज्याच्या घरी असं काही मानतात त्याला आधी सांगून, गाठ सोडून, त्याच्या वस्तूंबरोबर पाकिटात ठेवायचा आणि सुटताना परत द्यायचा. वर्दी उतरल्यावर ही गोष्ट जास्त कळते.

दूधडेअरीवाली

तुम्हा सगळ्यांचे आभार. वकीलदादा, तुमचा प्रतिसाद मी भावाला मोठ्यानं वाचून दाखवला. अर्ध्या तासाचे ५० हजार ऐकून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, म्हणजे अर्धा तासही मोजतात?

जमादारकाका, अंगझडतीत मोबाइल, ६४० रुपये आणि बेल्ट लिहिलंय, वेळ रविवार रात्री आठ. फोन शुक्रवारी पावणेसातपासून बंद होता, आमच्या घरच्या ग्रुपवर दिसतंय. त्याच्या मित्राचे चौदा मेसेज एकाच टिकेवर अडकलेले आहेत.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. शुक्रवारी डबा दिल्यावर मी ठाण्यासमोरच्या हॉटेलातून पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आत पाठवला होता. ४० रुपये फोनवरून दिले होते, ९ वाजून १२ मिनिटं. ते अजून दिसतंय. आणि केंद्रावर मला प्रत्येक कॅनचं फॅट आणि वेळ लिहायची सवय. त्या रात्री घरी जाताना मी संध्याकाळच्या दुधाच्या पावतीमागे लिहिलं होतं: "९.०५ ला भेटले. लॉकअप. बेल्ट नाही." ती पावती पर्समध्येच राहिली होती. हे पुरावा म्हणून चालेल का? हॉटेलवाल्याकडे कॅमेरा आहे, पण त्याचं चित्रण इतके दिवस राहत नाही म्हणाला.

खंडपीठातला वकील

पावतीमागची नोंद चालेलच, आणि त्याच वेळी हातानं लिहिलेली म्हणून तिचं वजन जास्त. पावती लॅमिनेट करू नका, उष्णतेनं खराब होऊ शकते. दोन्ही बाजूंची छायांकित प्रत काढा, मूळ पावती पाकिटात ठेवा. फोनवरच्या पैशांसाठी बँकेकडून त्या महिन्याचा शिक्क्याचा खातेउतारा घ्या. ग्रुपच्या मेसेजसाठी नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी फोन तोच ठेवा, विकू नका, रीसेट करू नका.

खर्चाची काळजी आहे हे कळतं. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते आणि खंडपीठात उच्च न्यायालयाची उपसमिती. भावाचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. उत्पन्न मर्यादेत बसलं तर वकील मोफत मिळतो.

एक मात्र तुम्ही टाळू नका. याचिकेसोबत भावाचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि त्या तीन रात्री त्याला स्वतःच्या शब्दांत सांगाव्या लागतील. करदोड्यासकट. ती प्रत तुमच्या घरी येईल, आईच्या हाती पडेल. त्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

दूधडेअरीवाली

सीसीटीव्हीचा अर्ज काल दिला. बांधावरून यांनी सांगितलं तसं सरपंच आणि दुकानदारांचे दोघे सोबत आले. टेबलावरच्या साहेबांनी आधी ठेवून जा म्हटलं, मी पोच घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाले आणि बाकावर बसले. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. अधीक्षकांची प्रत पोस्टात टाकली. माहिती अधिकाराचे दोन अर्ज आज रात्री लिहिते. मंगळवारी सकाळचं दूध घातलं की आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी कोर्टात जाणार आहोत, भाऊ स्वतः येतो म्हणालाय.

आईला काल रात्री सांगितलं. ती उठली, देवघरातल्या डब्यातून काळा गोफ काढला आणि त्याला हाक मारली. तो नको म्हणाला नाही.